फ्यूज काय सांगत होता?

तुमच्या घरी तळघरात किंवा गॅरेजमध्ये भिंतीवर एक राखाडी पेटी असेल. आई-बाबांना सोबत घेऊन तिचं दार उघडा. आत छोट्या काळ्या खटक्यांच्या रांगा दिसतील. ते ब्रेकर. त्यांना बघितलं की मला साताऱ्याचं आमचं घर आठवतं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे ब्रेकर नव्हते. मीटरजवळ चिनी मातीचं पांढरं ‘किटकॅट’ असायचं. चॉकलेट नव्हे हं! त्यात एक बारीक तार बांधलेली असे. वीज जास्त वाहू लागली की ती तार वितळायची आणि घरात अंधार व्हायचा. “फ्यूज उडाला!” असं आम्ही मुलं ओरडायचो. मग बाबा टॉर्च घेऊन नवी तार बांधायचे.

एका उन्हाळ्यात फ्यूज रोज उडायला लागला. बाबा वैतागले. त्यांनी बारीक तारेऐवजी तांब्याची चांगली जाड तार बांधली. “आता बघू कसा उडतो!” खरंच उडला नाही. आम्ही सगळे खूश!

तिसऱ्या रात्री आजीनं हाक मारली, “अरे, जळका वास येतोय.” तिच्या पलंगामागे लाकडी पट्टीवरची वायर पेटली होती. काकांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. बाबांनी आजीला उचलून अंगणात आणलं. भिंत काळी झाली, गादीचा कोपरा जळला. आजी वाचली.

बाबा बराच वेळ पायरीवर गप्प बसून होते. आजी त्यांना एवढंच म्हणाली, “तो फ्यूज रोज सांगत होता, की कुठंतरी बिघडलंय. तू त्याचं तोंडच बंद केलंस.”

आज मी न्यू जर्सीत राहते आणि विजेच्या जाळ्यातल्या ‘रिले’चं काम करते. रिले म्हणजे पहारेकरी. तारेतली वीज तो सतत मोजतो. काही बिघडलं, की तो ब्रेकरला सांगतो, “उघड!” मग तेवढाच भाग बंद पडतो, बाकीचं गाव उजेडात राहतं. वादळात तुमचे दिवे कधी एक-दोनदा लुकलुकले असतील. फांदी तारेला लागली, की खांबावरचं रिक्लोजर वीज तोडतं, जरा थांबतं आणि पुन्हा जोडून बघतं. फांदी बाजूला झाली असेल, तर दिवे चालू राहतात.

29 ऑक्टोबर 2012 ला इथं सँडी वादळ आलं. लाखो घरांची लाइट गेली, आमचीही. काही दिवसांनी ऊन पडलं. तेव्हा माझी लेक म्हणाली, “आई, आपल्या छपरावर सोलर पॅनेल आहेत. मग दिवे का लागत नाहीत?”

मी म्हटलं, “बाहेर कुणीतरी तुटलेली तार जोडत असेल. आपली वीज त्या तारेत गेली, तर त्याला शॉक बसेल. म्हणून बाहेरची वीज गेली, की आपला इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःहून बंद होतो.”

पण त्याच वादळात प्रिन्स्टन विद्यापीठात दिवे चालू होते. त्यांचं स्वतःचं वीजघर आहे. त्यांनी बाहेरच्या जाळ्याशी असलेली जोड आधी तोडली आणि मग आपल्यापुरती वीज पुरवली. अशा छोट्या, स्वतंत्र चालू शकणाऱ्या जाळ्याला मायक्रोग्रिड म्हणतात.

आता यातली खरी अडचण ऐका. मोठ्या जाळ्यात शॉर्टसर्किट झालं, की नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त वीज धावते. फ्यूज लगेच वितळतो. पण मायक्रोग्रिड फक्त सोलर आणि बॅटरीवर चालत असेल, तर इन्व्हर्टर फार तर दीडपट-दुप्पट वीज देतो. तेवढ्यानं जुना फ्यूज वितळतच नाही! म्हणजे तोच फ्यूज तिथं बाबांच्या जाड तारेसारखा होतो. बिघाड असतो, पण सांगणारं कुणी नसतं.

म्हणून आम्ही रिलेला दोन नियम शिकवतो. जाळं जोडलेलं असताना एक, एकटं असताना दुसरा. कधी तारेच्या दोन्ही टोकांना वीज मोजतो. एका टोकानं आत गेली तेवढी दुसऱ्या टोकानं बाहेर आली नाही, तर मधे नक्कीच काहीतरी बिघडलंय. असा नवा नियम तपासताना मला दर वेळी आजीची ती काळी भिंत दिसते.

तुमच्या घरचा ब्रेकर पडला, तर तो नुसता वर करू नका. का पडला, ते मोठ्यांना विचारा. आणि आज आजी-आजोबांना फोन करून विचारा, “तुमच्या घरचा फ्यूज उडाला, की कोण बांधायचं?” त्यांची गोष्ट मराठीत लिहून आणा. मला वाचायला आवडेल.