जाड रेघ

दरवर्षी एफवायच्या पहिल्या आठवड्यात मी खिशातून अत्तराची कुपी काढायचो. ती टेबलावर ठेवून बूच उघडायचं, घड्याळ बघायचं आणि ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पुढचा बाक, मधला बाक, मग शेवटचा. दोन-तीन मिनिटांत मागचा हात वर गेला की मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो : विसरण. पंचवीस वर्षं हा प्रयोग हुकमी चालला. तो खोटा होता.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पंखा चालू आहे ना?" मी पंखा बंद करायला लावला. वास पोचला, जरा उशिरा. तिचं समाधान काही झालं नाही. तास संपल्यावर वही घेऊन ती स्टाफरूममध्ये आली. अत्तरासारख्या जड रेणूचा हवेतला विसरण गुणांक साधारण ०.१ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद धरला, तर शेवटच्या बाकापर्यंतच्या ५ मीटरचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट, म्हणजे साडेबारा लाख सेकंद. "चौदा दिवस होतात, सर."

मी म्हटलं, "अगं, शून्य जास्त पडलं असेल." पडलं नव्हतं. वर्गात वास पसरवत होते ते हवेचे झोत : पंख्याचे, खिडकीचे, आणि पंखा बंद केल्यावर साठ मुलांच्या अंगाच्या उबेने उठणारे. पोटॅशियम परमँगनेटचा खडा पाण्यात टाकून आपण जांभळे पट्टे दाखवतो, तिथेही बरंचसं काम जड द्रावण खाली उतरण्याचं आणि पाणी ढवळलं जाण्याचंच असतं. चहात साखर घालून नुसत्या विसरणावर सोडली, तर तळापासून ५ सेंटिमीटर वर यायला तिला महिनाभर लागेल. सूत्र मला तोंडपाठ होतं, दरवर्षी परीक्षेत विचारतही होतो. त्यात एकदा आकडे घालून पाहावेत, एवढं मात्र सुचलं नाही.

ही चूक तशी किरकोळ. तिच्यामागे लपलेली दुसरी सांगायची म्हणून लिहायला बसलो.

पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो, असं मी शिकवायचो. जणू पलीकडे जागा रिकामी आहे हे रेणूला ठाऊक असतं! रेणूंची वेडीवाकडी हालचाल मी एका वाक्यात उरकत असे. माझ्या लेखी ती सरासरीवर बसलेली धूळ होती. त्याला कारणही तयार असे : कणांची संख्या जितकी, तिच्या वर्गमूळाने एकाला भागा, तेवढेच सापेक्ष चढउतार. एकावर बावीस शून्यं इतके रेणू असले की हे चढउतार दहा हजार कोटींत एक भाग उरतात. कशाला त्यांच्या नादी लागायचं? गणित आजही खरं आहे. त्यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा होता.

तो चुकीचा आहे हे कळलं दुधाच्या थेंबात. पिशवीतलं दूध, भरपूर पाणी, जीवशास्त्र विभागाकडून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या नळीला टेकवलेला त्या मुलीचा मोबाइल. मायक्रॉनभर व्यासाचे चरबीचे गोळे जागच्या जागी वळवळत होते. (रॉबर्ट ब्राउनला १८२७ मध्ये परागकण नाचताना दिसले, हेही मी आयुष्यभर सांगितलं. त्याने पाहिले ते परागकणाच्या आतले बारीक कण. अख्खा परागकण नाचताना दिसायला फार मोठा.) आम्ही दर सेकंदाला एकेका गोळ्याची जागा टिपली. सरासरी सरक जवळपास शून्य आली. माझ्या जुन्या हिशेबाने प्रयोग तिथेच संपला असता : सरासरी शून्य, काही घडलं नाही, घरी चला.

तिने सरकेचे वर्ग केले आणि त्यांची सरासरी काढली. ती वेळेबरोबर सरळ रेषेत चढत गेली.

आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हेच मांडलं होतं. १७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक मायक्रॉन व्यासाचा कण सेकंदात ०.८ मायक्रॉन सरकेल, मिनिटात ६. वेळ साठपट, अंतर जेमतेम आठपट. चौदा दिवसांचा उलगडा मला तिथे झाला. कुठलाच कण कुठेही निघालेला नसतो. दाट जागेत कण जास्त, म्हणून तिथून भरकटून बाहेर पडणारेही जास्त, इतकाच तो प्रवाह. मी ज्याला धूळ म्हणत होतो ते मुद्दल होतं.

पेरँने पुढे १९०८ पासून गांबोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण असेच तासन्‌तास मोजले आणि त्यावरून अॅव्होगॅड्रोचा आकडा काढला. ओस्टवाल्ड हा केवढा मोठा रसायनशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं त्याने अणू मानले नव्हते. १९०९ मध्ये आपल्याच पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने मत बदलल्याचं छापून टाकलं. मग माझ्यासारख्याला लाज कसली?

लाज एकाच गोष्टीची वाटते.

कणाला धक्के देणारे रेणू आणि त्याची वाट अडवणारे रेणू एकच असतात. म्हणून स्थिर पाण्यातल्या कणाची थरथर पाहून पाणी त्याला किती अडवेल हे सांगता येतं. विजेचंही तसंच. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने दाखवलं, की बॅटरी न जोडलेल्या रोधाच्या टोकांवरही व्होल्टेज थरथरत असतं. रोध मोठा, तशी थरथर मोठी. नायक्विस्टने त्याचं गणित दिलं आणि जॉन्सनने त्या थरथरीतून बोल्ट्झमनचा स्थिरांक मोजला. हे सगळं मी निवृत्तीच्या वर्षी नीट वाचलं, आणि एक जर्नल आठवलं.

टीवायच्या एका मुलाने प्रोजेक्टसाठी अॅम्प्लिफायर बांधला होता. इनपुटला नुसता १ मेगाओमचा रोध, बॅटरी नाही, सिग्नल नाही, तरी सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावरची रेघ जाड दिसत होती. १० किलोओमचा लावला की बारीक व्हायची. त्याने दोन्ही आकृत्या काढून खाली लिहिलं होतं, 'कारण समजले नाही.' हजारपट अॅम्प्लिफायरवर, १० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती थरथर १३ मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवी. जाड रेघ म्हणजे तेवढीच. मी लाल पेनाने लिहिलं, 'अर्थिंग तपासा, लूज कनेक्शन', आणि दोन गुण कापले.

तो आता कुठे असतो मला माहीत नाही. नाव आठवतं, पण ते इथे नको. बाबा रे, हे कधी वाचलंस तर ऐक : लूज कनेक्शन नव्हतं.