भाड्याने दिलेलं सर्टिफिकेट

चि. छोटीस,


डी.फार्म. झालं, कौन्सिलची नोंदणीही आली, हे वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा फार आनंद झाला. पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तालुक्यातला एक मेडिकलवाला तुझं सर्टिफिकेट लावायला दरमहा पैसे देतो म्हणतो, दुकानात यायचीही गरज नाही. म्हणून हे पत्र.

फार्मसी कायदा १९४८चा. त्याच्या ४२व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. तरी कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचं नाव भिंतीवर असतं आणि काउंटरवर दुसराच कोणी. महेश झगडे आयुक्त असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा दुकानांवर कारवाई केली, तेव्हा विक्रेत्यांनी बंद पुकारला होता. फार्मासिस्टने दुकानात हजर असावं, एवढ्या साध्या अपेक्षेवर एवढा गदारोळ!

माणूस हजर असल्याने काय होतं, ते मेथोट्रेक्सेटवरून कळतं. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बीपीची, शुगरची गोळी रोज घेणारी म्हातारी माणसं हीही रोज घेऊ लागतात. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि काही जण दगावतात. अशा मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा झाली आहे. चिठ्ठी बरोबर असूनही हे घडतं. जाणता फार्मासिस्ट मात्र विचारतो, 'आजी, कुठल्या वारी घेणार?' मग पाकिटावर ठळक अक्षरात तो वार लिहितो. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असेल तर तेही नीट समजावतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण दुकानातला पोऱ्या ते करणार नाही. त्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं.

शेड्यूल एच-१चं रजिस्टर तर तुला पाठच असेल. २०१४च्या मार्चपासून सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम देताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं, आणि नोंद तीन वर्षं जपायची. २०१८पासून टीबीच्या पेशंटची माहिती सरकारला कळवणंही औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे. गैरहजर माणसाच्या नावावर हे रजिस्टर कोण भरणार? आणि भरलं, तरी ते खोटंच.

पेशंटला औषध तपासून घेता येत नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत रॉबर्ट कोर्टनी या फार्मासिस्टने कॅन्सरची औषधं पातळ करून विकली. एकाही पेशंटला ते कळलं नाही. डॉक्टर कोर्टनीकडून घेतात तेवढं औषध तो स्वतः विकतच घेत नाही, हे एका कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या लक्षात आलं, म्हणून २००१मध्ये तो पकडला गेला. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. इतका दुष्टपणा विरळा. पण नाव भाड्याने देणाराही त्याच असहाय पेशंटच्या विश्वासावर पैसे घेत असतो.

उद्या त्या दुकानात चुकीची गोळी गेली, तर चौकशी तुझ्याही नावाची होईल. कौन्सिलला नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार आहे.

दादाच्या आजारपणाचा खर्च मला माहीत आहे, पैशांची नड खरी आहे. तरी त्या माणसाला आजच नाही म्हणून कळव, आणि पगार थोडा कमी असला तरी जिथे स्वतः काउंटरवर उभं राहता येईल अशीच नोकरी धर.

तुझी,
आत्या