पिंजारी, शेख, मन्सुरी

आमच्या गावात पिंजाऱ्यांची पाच घरं होती. दादा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्या भरत फिरायचे. माणसं आता वाढलीत, पण पिंजारी आडनावाचं एकच घर उरलंय. दोन घरं शेख झाली, त्यात आमचं. दोन मन्सुरी. हे नाव ९२२ साली बगदादमध्ये मारल्या गेलेल्या सूफी मन्सूर हल्लाजवरून घेतलं, असं सांगतात. आणि हल्लाज म्हणजे कापूस पिंजणाराच! धंदा काही सुटला नाही.

अब्बांना शाळेत घालताना मास्तरांनी 'मुसलमान ना? मग शेख' म्हणून लिहून टाकलं. अब्बांनाही ते बरंच वाटलं असावं. शेख म्हटल्यावर कुणी गादीचा भाव विचारत नाही. माझ्या वर्गात आम्ही चार शेख होतो.

मुलीचा ओबीसीचा दाखला काढायला गेलो, तर कारकून म्हणाला, "शेख कसे ओबीसी?" १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. दादा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी बडे अब्बांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलं, पुढे स्वच्छ 'पिंजारी'.

अब्बांनी ती झेरॉक्स बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "अजून एक काढून ठेव."