लोखंडाचं माहेर

रत्नागिरीत जुनी गाडी बाळगायची म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी कायमची कटकट. आमच्या अंगणात प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, मुळात इटलीच्या फियाट ११०० ची लेक. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी गेली, तेव्हा पेपरांतून पुष्कळ हळहळ झाली. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी तिच्या पोटाखाली टॉर्च मारून पाहिलं असेल, देव जाणे.

इंजिनाचं काही ना काही जमतं, पार्ट कुठून तरी मिळतो. जीव जातो तो पत्र्यात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा आणि दारांखालचे पोकळ पत्रे हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तळाचा गंज दिसण्यापुरता राहत नाही. आणि तो येतो आतून. काचेच्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी दारात उतरतं. ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. गाडी आंब्याखाली असेल तर मोहोर, धूळ, वाळकी पानं आत जाऊन त्या भोकांत बसतात आणि दाराचा हौद होतो. बाहेर रंगावर मुगाएवढा फोड येतो तेव्हा आतला कारभार केव्हाच आटोपलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो रंगाला ढकलून वर येतो.

आमच्या आळीतले पत्र्याचे मिस्त्री आता थकले आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते खुर्ची टाकून बसतात आणि मी ग्राइंडर धरतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ते पत्रा ठोकत जातात. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला की खडूची खूण. लोहचुंबकही फिरवतात, कारण मागच्या कुणीतरी भोकावर नुसती लांबी थापलेली असते आणि लांबीला चुंबक चिकटत नाही. एका मडगार्डावर तो सरळ घसरून खाली पडला. चाचा म्हणाले, “हे मडगार्ड नाही हो, भिंत आहे. गिलावा उतरवा.”

लांबीवर माझा राग नाही. पत्रा जोडून झाल्यावर उरलेला खोलगटपणा भरायला ती हवीच. पण भोकावर लावली की ती मागून ओल पिते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खपलीसारखी सुटते. भोकाला पत्राच लागतो. नासकं कापायचं, चांगल्या पत्र्याला भिडेपर्यंत कापायचं. इथे हात आखडतो. चाचांनी खडूची खूण आणखी बोटभर पुढे सरकवली, तेव्हा मी “एवढं?” म्हणालो. ते म्हणाले, “पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. भोक मोठं होतं फक्त.”

आधी पुठ्ठ्याचा साचा, मग त्यावरून नवा तुकडा. बॅटरीच्या तारा काढायच्या, आतलं सीटकव्हर, नमदा सगळं बाहेर, आणि पेट्रोलच्या टाकीच्या आसपास काम असेल तर टाकीच उतरवायची. यात चालढकल नाही. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो, तापला की लाट धरतो. म्हणून एक टाका इकडे, एक पार तिकडे, मध्ये थांबायचं. थांबण्याच्या वेळात चाचांचा चहा होतो.

घासून उघडा केलेला पत्रा क्षणभर चांदीसारखा दिसतो. आमच्याकडच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. त्याच अंगणात जांभ्याचा गडगा आहे. त्याचा तांबडा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. लोखंड मातीतूनच भट्टीत गेलं, पत्रा झालं, कुर्ल्याला दाबाखाली वाकलं. पण माहेरची ओढ काही सुटली नाही. आणि गंमत पाहा, तिला अडवायला आपण लावतो तो रेड ऑक्साइड प्रायमर, त्यातली तांबडी भुकटीही आयर्न ऑक्साइडच. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे, आता ती आणखी गंजणार नाही. मात्र नुसता प्रायमर लावून गाडी पावसात ठेवू नये. तो ओल आत घेतो; वर रंग चढायलाच हवा.

जिथे ब्रश पोहोचत नाही अशा खाचांत फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. गंजाचं फॉस्फेट होऊन तो जागीच थबकतो. दिल्लीच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर टिकला, त्यातही त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसचा मोठा वाटा आहे. चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, “दिल्लीला समुद्र कुठाय?”

रंगाआधीचं पाणीपेपर घासणं मला सर्वांत आवडतं. डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. घरात मात्र अंगण, ओटा, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर लांबीची पांढरी पूड बसल्याबद्दल बोलणी खावी लागतात, आणि ती रास्त असतात.

उजवी बाजू झाली. पोकळ पत्र्यांत मेण सोडलं, दाराखालच्या भोकांतून तार फिरवून ती मोकळी केली. चाचा उठले, काठी टेकत डावीकडे गेले आणि मूठ आपटली. बद्द.

“खडू आणा,” म्हणाले.