आम्ही, आपण आणि ‘नू’

निवृत्तीनंतर तीन महिने आम्ही उभयतांनी मॉरिशसमध्ये मराठी शिकवले. बेटाच्या पश्चिमेला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील एका गावात, उसाच्या मळ्याला लागून असलेल्या घरी आमची सोय होती. मानधन काही नव्हते. राहणे-जेवणे यजमानांकडे आणि संध्याकाळी ‘बैठका’त मुलांना शिकवणे, असा व्यवहार. भारतीय भाषांच्या सायंशाळेला तिथे पूर्वापार हाच शब्द आहे आणि तो एकवचनी आहे, याची सवय व्हायला आम्हांला काही दिवस लागले.

१८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे लोक बेटावर नेले गेले, त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू भाषकांबरोबर कोकणातली मराठी माणसेही होती. गोऱ्या कारकुनाने जे पहिले नाव ऐकून लिहिले, तेच पुष्कळांचे पुढे आडनाव झाले. आमच्या यजमानांचे आडनाव हे असेच कोणा खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत.

त्या घरात बोलणे चाले ते क्रेऑलमध्ये. कचेरीचे कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये. मराठीच्या वाट्याला देवघर, गणेशचतुर्थी आणि झाकरी (आपली जाखडी) उरलेली. चतुर्थीला मात्र साऱ्या देशाला सुटी असते आणि सरकारी प्राथमिक शाळेत मराठीचा तास असतो, परीक्षा असते. आमच्या सीमाभागात मराठी घराघरांत नांदते आणि कचेरीच्या उंबरठ्यावर तिला अडवले जाते. तिथे शासनाने तिला शाळेत आसन दिले आहे आणि घरातून ती उठून चालली आहे. यांपैकी कोणती स्थिती बरी, यावर आम्हां दोघांत रात्री पुष्कळ वाद झाले. निकाल अजून लागलेला नाही.

क्रेऑलमध्ये व्याकरणिक लिंग नाही. त्यामुळे तीन लिंगांना मुले दचकतील असे वाटले होते. पण शाळेतल्या फ्रेंचमुळे त्यांना हा प्रकार ठाऊक होता. फ्रेंचमध्ये भिंत पुल्लिंगी आणि दार स्त्रीलिंगी, हे ऐकून उलट आम्हीच चकित झालो. तू आणि तुम्ही यांतला भेदही क्रेऑलमधल्या ‘तो’ आणि ‘ऊ’ यांमुळे चटकन उमगला. अडले ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या जोडीशी. क्रेऑलमध्ये दोन्हींना एकच ‘नू’. फ्रेंच, इंग्रजी यांतही एकेकच शब्द. ऐकणारा आत की बाहेर, हे मराठी माणूस तोंड उघडताच सांगून टाकतो. त्या मुलांना हे काहीसे निष्ठुर वाटले असावे. मग आम्ही एक खेळ केला. एकाने वाक्य बोलायचे. ‘आपण’ ऐकू आले तर समोरच्याने उभे राहायचे, ‘आम्ही’ आले तर बसून राहायचे. चार दिवसांत बैठका दणाणून गेला.

यजमानांच्या दहा वर्षांच्या मुलीने वहीत लिहून आणले : ‘आपण मराठी आहोत. आम्ही मॉरिशसमध्ये राहतो. तुम्ही बेळगावजवळ राहता.’ पहिले वाक्य बरोबर आहे का, असे तिने विचारले. व्याकरण निर्दोष होते, म्हणून आम्ही बरोबरची खूण केली. तिचे वडील मात्र हसून म्हणाले, “भारतातून येणारे पाहुणे आम्हांला हरवलेली भावंडे समजतात. आम्ही कुठे हरवलो? हा आमचा देश आहे.” त्यांचे म्हणणे आम्हांला पटले. मुलीचे वाक्यही खोडावेसे वाटले नाही.

घरातल्या आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, मला मराठी येत नाही. पण पानावर बसताना त्याच सहज म्हणत, “चला, आपण जेवू.” आईला आवस, बापाला बापूस म्हणत. एकदा नातीनेच विचारले, “आजी, मग येत नाही असं का म्हणतेस?” आजींनी अर्धे क्रेऑलमध्ये, अर्धे मराठीत सांगितले की मराठी म्हणजे पुस्तकातली, जिला गुण मिळतात ती, आपले हे घरचे बोलणे.

शाळेत मिळालेल्या आसनाची ही किंमत आमच्या हिशेबात कधी आली नव्हती. ज्या बाईच्या तोंडी भाषा जिवंत होती, तिलाच पुस्तकाने निरक्षर ठरवले होते. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर दोन रकाने केले : पुस्तकातला शब्द आणि आजींचा शब्द. आजींना बोलावणे धाडले. पहिल्या दिवशी त्या दाराशी उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी मागे बसल्या आणि एका मुलाचा उच्चार तिथूनच सुधारला. परीक्षेत ‘आवस’ लिहिले तर चालेल का, असे मुलांनी विचारले. परीक्षेत ‘आई’ लिहा, असे आम्ही सांगितले. आजींना ते फारसे रुचले नाही. पुढच्या आठवड्यापासून त्या घरून स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागल्या.