झिजणारं तांबं

तांब्याच्या दोन तारा, ग्लासभर मिठाचं पाणी आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढ्या सामानात ओट्यावर केवढं नाट्य घडतं! ऋण टोकाच्या तारेवरून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, इतके बारीक की दुरून धूरच वाटावा. धन टोकाची तार आधी गप्प असते. मग तिच्या अंगावरून फिकट पिवळा ढग ओघळू लागतो. तो तळाशी साचतो, केशरी होतो, विटकरी होतो. ग्लास उघडा ठेवला, तर हवा लागून गाळावर हळूहळू हिरवट-निळी झाक चढते.

ग्रॅफाइटच्या कांड्या असत्या तर इथे क्लोरीन निघाला असता. तांबं ती वेळ सहसा येऊ देत नाही. क्लोराइडच्या आधी ते आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि स्वतः विरघळतं. दुसऱ्या तारेपाशी तयार झालेल्या अल्कलीशी गाठ पडली, की त्याचं केशरी क्युप्रस ऑक्साइड होतं. मीठ बहुतेक तसंच उरतं. खर्ची पडतं ते तांबं आणि पाणी.

समुद्रातही हेच चाले. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्यांना लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. झीज थांबली, पण तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले. त्यांना दूर ठेवत होतं ते विरघळणारं तांबंच!

ही ताकद आपल्याला नवी नाही. द्राक्षबागेत केवडा रोगावर कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतात, ते तांब्याच्याच जोरावर. आणि कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच, लोणचं ठेवायचं नाही, हा घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियमही तांबं ओळखूनच आला. आंबट-खारट पदार्थात जे सावकाश घडतं, त्याला बॅटरी फक्त घाई करते.

म्हणून हा प्रयोग मुलांबरोबर जरूर करा. खिडकी उघडी ठेवा, भिंतीतल्या प्लगची वीज चुकूनही वापरू नका. आणि संपल्यावर ते पाणी मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. जे तांबं बुरशी मारतं, ते ओढ्यातले मासेही मारतं. पाणी उन्हात आटवा, उरलेला गाळ डबीत बंद करून नाव लिहा आणि घातक कचऱ्यात द्या. प्रयोग तिथे पूर्ण होतो.