सुट्टी, समुद्र आणि हक्काचा टॉवेल

"चळवळीतल्या माणसाला कसली आली सुट्टी?" ग्रीसहून परतल्यावर आपल्याच काही तरुणांनी आम्हाला हा प्रश्न केला. उत्तर देणे भाग आहे.

व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टी देणारे विधेयक मांडले होते. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, राबणाऱ्याचा हक्क आहे. महारकीत ज्यांच्या पणजोबांना गावाने हाक मारली की आठही प्रहर धावावे लागे, त्यांच्या पणतवंडांनी समुद्रात डुंबताना अपराधी का वाटून घ्यावे? खरा प्रश्न आहे तो सुट्टीत करायचे काय याचा.

आम्ही दोघे वर्षानुवर्षे पैसे साठवून पारोस बेटावर गेलो. पिरियस बंदरातून बोटीने तीन-चार तास. उतरतो ते गाव पारिकिया. पांढरी घरे, आणि बंदरापासून चालत जाता येईल अशी लिवादियाची वाळू.

तिथे पहिले काम करा: स्वतःचा टॉवेल वाळूवर अंथरा. यामागे इतिहास आहे. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे. व्यावसायिकाला फक्त ठरावीक तुकडा भाड्याने मिळतो. पण छत्र्या-खुर्च्यांचे भाडे घेणाऱ्या बारवाल्यांनी हद्द ओलांडून किनारेच व्यापले. २०२३ च्या जुलैत पारोसचे रहिवासी टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, आमची वाळू मोकळी करा म्हणाले. ही 'टॉवेल चळवळ' इतर बेटांवरही पसरली. २०२४ मध्ये नवा कायदा आला: निम्मा किनारा मोकळा ठेवायचा, खुर्च्या पाण्यापासून किमान चार मीटर दूर. तक्रारीसाठी 'मायकोस्ट' नावाचे सरकारी अ‍ॅपही आले.

आपल्याला इथे महाड आठवणारच. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे खुलेही केले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत कागदावरचा हक्क ओंजळीत आला नव्हता. तुलना ताणू नये. पारोसला अडवतो तो पैसा. खिशात तो असला की खुर्ची मिळते. चवदार तळ्यावर अडवत होता तो जन्म, आणि जन्म बदलता येत नाही. पण धडा समान आहे: सार्वजनिक हक्क वापरला नाही, तर तो दुसऱ्याचा खाजगी होतो.

दुसरे काम: एक सकाळ मराथीला द्या. हो, गावाचे नाव हेच. आपल्या भाषेशी मात्र त्याचा संबंध नाही. पारिकियाहून लेफ्केसकडे जाताना हे लागते. इथे प्राचीन संगमरवराच्या खाणी आहेत. या दगडातून प्रकाश आरपार झिरपतो, म्हणून शिल्पकारांना तो हवा असे. लूव्र संग्रहालयातली पंख पसरलेली 'सामोथ्रेसची विजयदेवता' पारोसच्याच संगमरवराची. पण डोंगराच्या पोटात, दिव्याच्या उजेडात तो दगड फोडला तो गुलामांनी. प्रॅक्सिटेलीससारख्या शिल्पकारांची नावे पाठ्यपुस्तकात आहेत. दगड फोडणाऱ्यांची नाहीत. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या आपल्या पोरांनीही हा प्रश्न सोबत न्यावा. बॅटरी आणि चांगले बूट न्या. आत अंधार आहे, पायाखाली दगड सुटे आहेत.

तिसरे काम: लेफ्केसहून प्रोद्रोमोसपर्यंत जुन्या फरसबंदी वाटेने चाला. तासाभराची उतरण आहे, तिकीट नाही.

चौथे काम: खोली झाडणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या माणसांशी बोला. हंगामापुरते आलेल्या या कामगारांना पर्यटकांच्या गर्दीत परवडणारी खोली मिळणेही मुश्कील असते. 'कालिमेरा' म्हणजे सुप्रभात, 'एफ्खारिस्तो' म्हणजे आभारी आहोत. एवढे दोन शब्द शिकून जा.

आणि प्रत्येकाला ग्रीस परवडेल असे नाही, आम्हालाही पुन्हा लवकर परवडणार नाही. पण गोव्याला किंवा कोकणात गेलात आणि "खुर्ची घ्या नाहीतर उठा" असे कुणी म्हणाले, तर उठू नका. कोणत्या परवान्यावर ही जागा तुमची, हे शांतपणे विचारा. टॉवेल सोबत असू द्या.

जय भीम!